सायबर कॅफेचा पडदा : मुलांसाठी नेट गाळायचं म्हणजे नक्की काय करायचं?

२००१ साली मी टीवायला होतो आणि डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या एका सायबर कॅफेत संध्याकाळी चार ते दहा काउंटरवर बसायचो. आठ मशीन होती, दोन काउंटरसमोर उघड्यावर आणि सहा आत प्लायवूडच्या केबिनमध्ये, प्रत्येक केबिनला मरून रंगाचा पडदा. उघड्यावरच्या मशीनला तासाला वीस रुपये, केबिनला तीस. हे वरचे दहा रुपये कशाचे ते मालकाला माहीत होतं, मला माहीत होतं, गिऱ्हाइकाला तर माहीत होतंच, पण त्यावर कधी कोणी बोलायचं नाही.

हे सगळं आत्ता लिहायला बसलोय कारण मुलांना नेटवरच्या घाणीपासून कसं वाचवायचं हा वाद परत पेटलाय. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना मोठ्या सोशल मीडिया साइटवर अकाउंट ठेवायला बंदी केली, आपल्याकडेही तसंच करा म्हणणारे वाढलेत, आमच्या शाळेच्या पालक ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी लिहितंच की सरकारने हे सगळं बॅन करून टाकायला पाहिजे. आणि मला दर वेळी वाटतं की अरे, या प्रश्नावर आपल्या मुंबईत, हायकोर्टाच्या सांगण्यावरून, बऱ्यापैकी शहाणा विचार होऊन गेलाय, त्याला आता वीसहून जास्त वर्षं झाली आणि आपण तो विसरून गेलोय. त्या वेळी मी त्या दुकानात बसलेलो होतो म्हणून माझ्या तरी तो लक्षात राहिला.

आधी दुकानातलं सांगतो.

शाळा सुटली की पोरं सरळ कॅफेत यायची. आठवी-नववीची, पाठीवर सॅक, तिघांत मिळून एक तास, दहा-दहा रुपये काढून. सहामाही नुकतीच संपली होती, एका संध्याकाळी एक बाई आल्या, हातात भाजीची पिशवी. म्हणाल्या, "दादा, नववीतला मुलगा आलाय का इथे, निळी सॅक?" मी काही बोलायच्या आत त्यांना तीन नंबरच्या पडद्याखालून शाळेचे काळे बूट दिसले, तीन जोड. मी उठलो, पडदा सरकवला. एका खुर्चीवर दोघं, एक मागे वाकून उभा. खुर्चीवरच्याने पटकन विंडो बंद केली पण त्या काळात तसल्या साइटचे पॉपअप असायचे, एक बंद केलं की दोन उघडायचे, तो बंद करतोय आणि उघडतंय, बंद करतोय आणि उघडतंय, हात थरथरतोय, शेवटी मागच्या पोराने वाकून मॉनिटरचं बटणच दाबलं.

बाई मुलाला काही बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला माहीत होतं ना?"

मी म्हटलं, "आम्ही आत बघत नाही काकू."

हे वाक्य मी इतक्या वर्षांत विसरलेलो नाही. पुढे कळलं की आयटी कायद्याचं कलम ७९ म्हणजे जवळपास हेच वाक्य आहे, मध्यस्थ कंपनी, म्हणजे नेट पुरवणारी किंवा दुसऱ्यांचा मजकूर नुसता पोचवणारी, आत काय चाललंय ते बघत नाही म्हणून तिच्यावर जबाबदारी नाही, जोवर तिला नीट कळवलं जात नाही तोवर. कायद्यात त्याला कारणं आहेत आणि ती पटण्यासारखी आहेत. पण त्या बाईंसमोर उभं राहून ते वाक्य बोलताना मला ते खोटं वाटलं होतं, कारण मला माहीत होतं.

त्याच सुमाराला, सप्टेंबर २००१ मध्ये, मुंबई हायकोर्टात हे प्रकरण उभं राहिलं होतं. कॅफेत बसून लहान मुलांना अश्लील साइट सहज बघता येतात अशी तक्रार करणारं पत्र कोर्टाकडे गेलं, कोर्टाने ते पत्रच याचिका म्हणून धरलं आणि मुलांना यापासून कसं वाचवता येईल ते सुचवायला एक खास समिती नेमली. समितीने २००२ च्या सुरुवातीला अहवाल दिला. आम्हाला हे पेपरातून कळलं, मालकांनी (त्यांना आम्ही काका म्हणायचो) कात्रण काढून काउंटरच्या काचेखाली ठेवलं होतं.

तो काळही जरा डोळ्यासमोर आणा. व्हीएसएनएलने आपल्याकडे लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ ला, म्हणजे या प्रकरणाच्या वेळी नेट जेमतेम सहा वर्षांचं. घरी कॉम्प्युटर फार थोड्यांकडे, असलाच तर फोनचं बिल वाढतं म्हणून नेट नाही. पोरांसाठी नेट म्हणजे कॅफे. त्यामुळे समितीला प्रश्न नेमका पकडता आला, मूल कुठे बसतं ते ठिकाण माहीत होतं, त्या ठिकाणाचा मालक माहीत होता, दाराला शटर होतं.

समितीने सांगितलेलं थोडक्यात असं. कॅफेत येणाऱ्याकडून फोटो असलेलं ओळखपत्र बघावं. अल्पवयीन मुलांना केबिनमध्ये बसवू नये, सगळ्यांना दिसेल अशा उघड्या जागेतल्या मशीनवर बसवावं आणि त्या मशीनवर फिल्टर असावा. कोण कुठल्या मशीनवर कधी बसलं याची नोंद राहावी. आणि देशपातळीवर किंवा नेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या पातळीवर साइट बंद करत सुटण्यावर मात्र समितीचा भर नव्हता, तो मार्ग चालण्यासारखा नाही असंच तिचं म्हणणं होतं.

माझ्या मते या अहवालातली खरी किमती गोष्ट म्हणजे उघडी जागा. मूल काय बघतं याची यादी करत बसण्यापेक्षा मूल कुठे बसून बघतं ते आधी बदला. नवीन साइट रोज निघते, यादी काल केलेली असते, पण मागून जाणाऱ्या माणसाची नजर कधी जुनी होत नाही. शिवाय त्यात मोठ्यांचं काही काढून घेतलेलं नव्हतं, मोठ्या माणसाला केबिन मिळतच होती, फक्त मुलाला नाही.

विरोध झाला तो मुख्यतः ओळखपत्राला, आणि तो विरोध मला तेव्हा कटकट वाटला होता, आज वाटत नाही. लोक विचारत होते की ही वही कोणाकडे राहणार, पोलीस आले की दाखवणार का, कोणी कुठली साइट बघितली हे कोणाच्या नावासमोर लिहून ठेवणार का. आमच्या काउंटरवर शंभर पानी लाँगबुक होतं, नाव, पत्ता, फोन नंबर, कॉलेजच्या आयकार्डाचा नंबर. ते उघडं पडलेलं असायचं. मुलींचे फोन नंबर त्यात होते आणि शेजारच्या मशीनवर बसलेल्या कोणालाही ते वाचता यायचे. दोन मुलींना त्यावरून फोन आले. मुलांच्या संरक्षणासाठी ठेवलेली वही अशी उलटली, आणि यात कोणाचा दुष्टपणा नव्हता, फक्त वही बंद करून ठेवायला कोणाला सुचलं नाही.

आता फिल्टर. काकांनी लॅमिंग्टन रोडवरून एक सीडी आणली, सगळ्या मशीनवर टाकली. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी बारावी सायन्सची एक मुलगी चिडून काउंटरवर आली की बायोलॉजीची पानं उघडत नाहीयेत, मानवी प्रजनन हा धडा होता, त्यातला एकेक इंग्रजी शब्द फिल्टरच्या यादीत. दुसऱ्या एका गृहस्थांना बायकोच्या ब्रेस्ट कॅन्सरबद्दल वाचायचं होतं, ते पान बंद. ते गृहस्थ माझ्याशी अगदी हळू आवाजात बोलले की हे जरा चालू करून द्याल का, आणि मला ते चालू करता येत नव्हतं कारण पासवर्ड काकांकडे आणि काका गावाला. आणि त्याच वेळी पाच नंबरला रोमन लिपीत लिहिलेल्या हिंदी अश्लील गोष्टी व्यवस्थित उघडत होत्या, कारण त्या फिल्टरला हिंदी येतच नव्हतं. इंग्रजीत लिहिलेलं औषध बंद आणि आपल्या भाषेतलं विष चालू. हे फक्त तेव्हाचं नाही, आजही मराठी-हिंदीतली शिवी वाकडं स्पेलिंग करून टाकली की निसटते, कुठल्याही व्हिडिओखाली जाऊन बघा.

अमेरिकेत हाच प्रश्न लायब्ररीत आला होता. डिसेंबर २००० मध्ये कायदा झाला की ज्या सार्वजनिक लायब्ररीला केंद्र सरकारचे इंटरनेटसाठीचे पैसे हवेत तिने फिल्टर बसवायचा, लायब्ररीवाल्यांची संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेली, जून २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा टिकवला पण त्यात एक मोठा आधार हा होता की मोठ्या माणसाने लायब्ररीयनला सांगितलं की फिल्टर काढून देता येतो. म्हणजे तिथे पासवर्ड असलेला माणूस जागेवर हजर आहे. आमच्याकडे तो गावाला गेला होता. छोटी गोष्ट वाटते, पण ज्याला चूक झाली म्हणून लगेच कुलूप काढता येईल असा माणूस जवळ नसेल तर फिल्टर लहानांबरोबर मोठ्यांनाही बाहेर ठेवतो.

आणि ऑस्ट्रेलियाचं तर विचारूच नका. २००७ मध्ये तिथल्या सरकारने सुमारे ८.४ कोटी डॉलरची योजना काढून घरोघरी फुकट फिल्टर दिला, मेलबर्नच्या एका १६ वर्षांच्या मुलाने तो अर्ध्या तासात निकामी केला, आणि तेही असा की खालच्या पट्टीवर फिल्टरचं चिन्ह तसंच दिसत राहील, आईबापांना वाटावं चालू आहे. मला त्या मुलाच्या हुशारीपेक्षा त्या चिन्हाची जास्त भीती वाटते. चालू दिसणारा बंद फिल्टर, कारण मग घरात कोणी बघायचंच सोडून देतं.

परत डोंबिवलीला येतो. त्या बाईंचा प्रसंग आणि ते कात्रण दोन्ही काकांच्या डोक्यात बसलं होतं. एका रविवारी त्यांनी सुतार बोलावला, सगळे पडदे काढले, पार्टिशनं कमरेच्या उंचीला कापली आणि टेबलं फिरवली, सगळे स्क्रीन काउंटरकडे तोंड करून. फिल्टर काढून टाकला. पोरं येत राहिली, गेम खेळायची, क्रिकेटचा स्कोअर बघायची, याहूवर चॅट करायची. तसल्या साइट जवळपास थांबल्या, आणि मला कोणावर ओरडावं लागलं नाही. धंदा पडला, महिन्याचा गल्ला निम्म्याच्या आसपास आला, ते मात्र खरं आहे आणि ते लपवून हे प्रकरण सांगण्यात अर्थ नाही.

आणखी एक किंमत होती. एक बाई दर गुरुवारी दुपारच्या शेवटी यायच्या, सहा नंबरच्या केबिनमध्ये बसायच्या, मस्कतला असलेल्या बहिणीला ईमेल लिहायच्या. टायपिंग येत नव्हतं, पहिल्यांदा मीच शिकवलं, त्यामुळे थोडं माहीत होतं की घरी त्रास होता, नवरा हात उचलायचा. पडदे गेल्यावर त्या एकदा आल्या, दारातून आत बघितलं, सगळे स्क्रीन समोर दिसतायत, "येते नंतर" म्हणाल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. समितीने केबिन बंद करा म्हटलंच नव्हतं, मुलांना केबिनमध्ये बसवू नका म्हटलं होतं. आम्ही घाईत दोन्ही एकच समजलो. मुलांसाठी केलेला नियम मोठ्यांवर तसाच पसरला की पहिला फटका बसतो तो ज्यांना आडोशाची खरी गरज आहे त्यांना, हे मी त्या गुरुवारनंतर शिकलो.

पुढे ११ एप्रिल २०११ ला केंद्राचे सायबर कॅफेचे नियम आले आणि त्यात या सगळ्याची छाया दिसते. पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको, उघड्यावरच्या मशीनचे स्क्रीन सगळ्यांना दिसतील असे, पालक बरोबर असल्याशिवाय मुलांना केबिन नाही, ओळखपत्र, एक वर्ष नोंदवही जपायची. नियम वाचताना मला काकांचा सुतारच दिसत होता. फक्त नियम येईपर्यंत कॅफे संपत आले होते. आमचा कॅफे २००९ लाच गेला, आता तिथे झेरॉक्स आणि पॅनकार्डचं दुकान आहे.

मग नेट खिशात गेलं आणि उघडी जागा राहिलीच नाही. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळेनेच मुलांच्या हातात फोन दिला. आणि इथे मला वाटतं आपण चुकलो. जागा हातातून गेल्यावर आपण दुसरी जागा तयार करायच्या ऐवजी यादीकडे वळलो, ज्या यादीवर २००२ मध्ये कोणी भरवसा ठेवला नव्हता.

यादीचं काय झालं ते बघा. इंदूरचे वकील कमलेश वासवानी यांनी २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टात अश्लील साइट बंद करा म्हणून याचिका केली. जुलै २०१५ मध्ये सरन्यायाधीश दत्तू यांनी लगेच बंदीचा आदेश द्यायला नकार दिला, म्हणाले की उद्या एखादा सज्ञान माणूस येऊन विचारेल की माझ्या खोलीच्या चार भिंतींत मी काय बघतो ते तुम्ही कसं थांबवता. तरी ३१ जुलैला टेलिकॉम खात्याने कलम ७९ च्या एका पोटकलमाचा आधार घेऊन ८५७ पत्ते बंद करायला सांगितले. यादीत विनोदाची साइटसुद्धा निघाली. ओरड झाली, ४ ऑगस्टला सरकारने कंपन्यांना कळवलं की ज्यावर लहान मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारं काही नाही त्या साइट चालू ठेवायला तुम्ही मोकळे आहात. कंपन्या म्हणाल्या, ते आम्ही कसं तपासायचं? आम्ही आत बघत नाही. परत तेच वाक्य.

२०१८ मध्ये डेहराडूनजवळच्या एका निवासी शाळेत मुलीवर सामूहिक बलात्कार झाला, आरोपी मुलांनी आधी मोबाइलवर अश्लील व्हिडिओ बघितले होते असं समोर आलं, उत्तराखंड हायकोर्टाने २७ सप्टेंबरला २०१५ चा आदेश पाळा म्हणून सांगितलं. यादी परत तपासली तर ३० साइटवर अश्लील काही सापडलंच नाही, म्हणून ऑक्टोबरमध्ये ८२७ बंद झाल्या. त्यातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एकीने लगेच दुसऱ्या पत्त्यावर तेच दुकान उघडलं. माझा भाचा तेव्हा दहावीत होता, मी त्याला सरळ विचारलं, तुझ्या मित्रांना काही फरक पडला का? म्हणाला, "मामा, व्हीपीएन टाकलं सगळ्यांनी, फुकट असतं." आणि बंद साइटपर्यंत आडवाटेने नेणाऱ्या त्या फुकट व्हीपीएन ॲपमधून त्यांच्या फोनमध्ये आणखी काय शिरलं ते देव जाणे.

मी बंदीच्या सरसकट विरोधात नाही. लहान मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारा मजकूर हा आवडीनिवडीचा किंवा स्वातंत्र्याचा विषयच नाही, त्या प्रत्येक चित्रामागे एक खरं मूल आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने असं काही नुसतं जवळ ठेवणंसुद्धा पॉक्सोखाली गुन्हा ठरू शकतो हे स्पष्ट केलं ते फार बरं झालं. तिथे यादी पाहिजे, कडक पाहिजे. माझं भांडण एवढंच आहे की ती यादी आणि "मुलांनी बघू नये असं काहीही" ही दुसरी यादी एकाच कागदावर लिहिली की दोन्ही कामं बिघडतात.

आणि वय तपासायचं म्हणतात ते तर २००२ चं लाँगबुकच आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ खालच्या मुलाचा डेटा घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, हेतू चांगला आहे, पण पालक हा पालकच आहे हे कळायला कोणीतरी कागद मागणार आणि तो कुठेतरी साठणार. वही कोणाकडे राहणार, उघडी पडणार की कपाटात जाणार, हा प्रश्न तेव्हा विचारणाऱ्यांना मी कटकटे समजलो होतो. आज मीच तो विचारतोय.

मला पटलेलं एक उदाहरण सांगलीचं आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजायला लागला, की साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. त्यात फिल्टर नाही, यादी नाही, ओळखपत्र नाही. त्याने घाण अडत नाही हे मला मान्य आहे, साडेआठनंतर फोन परत हातात येतोच. पण एक गोष्ट त्यात आहे जी बाकी कशातच नाही, भोंगा आईबापांनाही लागू आहे. उघडी जागा गावाने मिळून तयार केली, दीड तासाची का होईना.

आमच्या घरी आता काय आहे ते सांगतो. राउटरवर फिल्टर आहे, तो लहानसहान अपघात थांबवतो, त्यापलीकडे माझा त्याच्यावर भरवसा नाही आणि मुलीलाही मी तेच सांगून ठेवलंय. तिचा टॅब पाचवीपासून हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर असतो, स्क्रीन स्वयंपाकघराकडे. दोन-तीनदा नको ते समोर आलं, तिने हाक मारली, आम्ही दोघं बसून बोललो, अवघडल्यासारखं झालं पण बोललो.

जूनमध्ये ती आठवीत जाईल आणि परवापासून तिचं सुरू झालंय की फोन माझ्या खोलीत पाहिजे, मैत्रिणींशी बोलायचं असतं बाबा, सगळं तुमच्यासमोर नाही बोलता येत. पहिल्यांदा तोंडात नाहीच आलं होतं. मग दारातून परत गेलेल्या त्या गुरुवारच्या बाई आठवल्या. सध्या असं ठरलंय की दार लोटलेलं चालेल, कडी नाही लावायची, आणि रात्री दहाला तिचा फोन हॉलमधल्या चार्जरला, माझाही तिथेच.